शलमोनाच्या बांधकामाचा जमाखर्च

उपनगरातल्या एखाद्या चर्चचं काम निघालं, मग ते छप्पर बदलण्याचं असो की नवा हॉल उभारण्याचं, प्रवचनात शलमोन राजा हमखास येतो. त्यानं देवासाठी उत्तमातलं उत्तम वापरलं, लबानोनहून गंधसरू आणवला, आतला गाभारा सोन्यानं मढवला, तेव्हा आपणही हात आखडता घेऊ नये, असा उपदेश होतो. पुढच्या रविवारी देणगीची पाकिटं वाटली जातात. या उपदेशात खोटं काही नाही, फक्त तो अर्धा आहे. बायबलमधल्या 'राजे' या पुस्तकानं शलमोनाच्या बांधकामांची हकीगत जमाखर्चाच्या वहीसारखी लिहून ठेवली आहे. एका बाजूला सोनं, लाकूड, पितळ यांची मापं आहेत; दुसऱ्या बाजूला माणसं, गावं आणि शेवटी अर्धंअधिक राज्य गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे पहिली बाजू वाचून दाखवतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात जुनी इमारत पाडून नवी उभी करणं हाच मुख्य उद्योग झाला असताना आपण ख्रिस्ती लोकांनी दुसरी बाजू वाचायला हवी, असं मला वाटतं.

आधी मजुरांचे आकडे पाहू. इस्राएलातून तीस हजार माणसं वेठीला धरली होती. त्यांच्या दहा-दहा हजारांच्या पाळ्या लावलेल्या, एक महिना लबानोनात लाकूडतोड आणि दोन महिने घरी. शिवाय सत्तर हजार ओझी वाहणारे, डोंगरात दगड फोडणारे ऐंशी हजार आणि त्यांच्यावर तीन हजार तीनशे मुकादम. या सगळ्या वेठीचा मुख्य अधिकारी अदोनीराम. प्राचीन ग्रंथांतले आकडे फुगलेले असतात, हेही असतील. पण लिहिणाऱ्याला मजुरांची मोजदाद करावीशी वाटली, ही गोष्ट उरतेच. जगातल्या बहुतेक राजांच्या शिलालेखांत 'मी बांधलं' एवढंच असतं, दगड कोणी उचलला ते नसतं. इथे ते आहे.

याच पुस्तकात चार अध्याय पुढे गेलं की वेगळंच वाक्य भेटतं. शलमोनानं इस्राएल लोकांना गुलाम केलं नाही, वेठ लादली ती देशात उरलेल्या परक्या जमातींवर, असा त्याचा आशय. मग आधीचे तीस हजार कोण होते? भाष्यकार दोन्ही विधानांचा मेळ घालायची बरीच खटपट करतात. मला तो मेळ घालावासा वाटत नाही. सरकारी निवेदन आणि लोकांची आठवण यांत जे अंतर असतं तेच इथे दिसतं, आणि संपादकानं एकासाठी दुसरं खोडलं नाही. शिवाय परक्या जमातींवर लादली म्हणून वेठ पवित्र होते असंही नाही. स्वतः मिसरात विटा थापून आलेल्या लोकांच्या ग्रंथात हे वाक्य बसवताना लिहिणाऱ्याचा हात किंचित अडखळला असेल, अशी माझी समजूत आहे.

आता प्रवचनकारांचा आवडता तपशील. मंदिर बांधलं जात असताना तिथे हातोडा, कुऱ्हाड, कसल्याच लोखंडी हत्याराचा आवाज ऐकू आला नाही. दगड खाणीतच घडवून आणले होते. यावर किती सुंदर चिंतनं ऐकली आहेत: देवाचं काम शांततेत होतं, मौनातच मंदिर उभं राहतं, वगैरे. पण आवाज नाहीसा झाला नव्हता, खाणीत गेला होता. सियोनच्या टेकडीवरची शांतता दूर डोंगरात ऐंशी हजार लोकांनी घातलेल्या घणांवर उभी होती.

हे आपल्याला कळायला अवघड जाऊ नये, कारण आपलं उपनगर एके काळी मुंबईची खाण होतं. फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयाची इमारत पाहा. तिची पायाभरणी १९०५ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली आणि १९२२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिचा करडा दगड कुर्ल्याचा आणि पिवळसर दगड मालाडचा. घुमटाखाली उभं राहिलं की डोळे निवतात. कुर्ल्या-मालाडच्या खाणींत तो दगड कोणी फोडला, त्यांची नावं मात्र कुठल्याही संगमरवरी पाटीवर नाहीत. पाटीवर राजपुत्र आहे. आता उपनगराला स्वतःचेच टॉवर हवे आहेत आणि खाण आणखी लांब गेली आहे. तयार काँक्रीट रात्री मिक्सरमधून येतं, खडी कुठल्या डोंगरातली हे विचारायचं कारण पडत नाही, आणि सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त ड्रिलच्या आवाजाची तक्रार असते.

शलमोन मेला तेव्हा खाणीतल्या त्या आवाजाचा हिशेब चुकता झाला. लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे गेले. त्यांनी काही फार मागितलं नव्हतं: तुझ्या बापानं आमच्यावर भारी जू लादलं होतं, ते थोडं हलकं कर, आम्ही तुझी चाकरी करू. म्हाताऱ्यांनी रहबामाला सांगितलं, मऊ बोल. बरोबर वाढलेल्या तरुणांनी सांगितलं, आणखी कडक हो. त्यानं तरुणांचं ऐकलं. दहा वंश फुटून निघाले. त्यांना समजवायला की दबवायला रहबामानं कोणाला पाठवावं? वेठीवरच्या अधिकाऱ्याला, अदोनीरामाला. लोकांनी त्याला धोंडे मारून ठार केलं. ज्यांच्याकडून त्यानं आयुष्यभर दगड वाहवून घेतले त्यांनीच तो दगडांखाली गाडला, आणि रहबाम रथात चढून यरुशलेमकडे पळाला. बंडाचा पुढारी यराबाम हाही आधी शलमोनाच्या बांधकामावर नेमलेला मुकादमच होता. ही सगळी माहिती पुस्तक शांतपणे देतं. कुठे टाळी वाजवत नाही, कुठे हळहळत नाही. राज्याचे दोन तुकडे झाले ते इसवी सनापूर्वी ९३० च्या सुमारास, आणि ते पुन्हा सांधले गेले नाहीत.

धर्मशास्त्राच्या पुस्तकांत या फुटीचं कारण शलमोनाच्या परदेशी बायका आणि त्यांचे देव हे दिलेलं असतं. ते कारण मूळ पुस्तकातही आहे, ते नाकारत नाही. पण लोकांच्या तोंडी जे गाऱ्हाणं आहे त्यात मूर्तींचा उल्लेख नाही, फक्त जुवाचा आहे. देवाची तक्रार एक आणि लोकांची दुसरी, असं आपण मानून चालतो. कदाचित ती एकच तक्रार असेल. माणसांना ओझ्याच्या जनावरासारखं वापरणाऱ्याचा देव बदललेला असतोच. त्याची देवळं मागाहून, यरुशलेमसमोरच्या डोंगरावर, बांधून होतात एवढंच.

या वहीतली आणखी एक नोंद आपल्या डोळ्यांआडून निसटते, आणि तिला जबाबदार आहे तेराव्या शतकातला एक इंग्रज धर्माधिकारी. बायबलची आजची अध्यायवार विभागणी कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टन याच्या नावावर आहे. पहिल्या 'राजे'चा सहावा अध्याय संपतो तो मंदिराला सात वर्षं लागली या वाक्यावर. वाचक थांबतो, आमेन म्हणतो, पुस्तक मिटतो. सातवा अध्याय सुरू होतो तो शलमोनाला स्वतःचा वाडा बांधायला तेरा वर्षं लागली या वाक्यानं. मूळ लिखाणात अध्याय नव्हते. ही दोन वाक्यं एकाला एक लागून होती. सात आणि लगेच तेरा. मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद आणि ३० हात उंच, म्हणजे आजच्या मापानं साधारण २७ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. उपनगरातली कितीतरी चर्चं याहून मोठी आहेत. राजाच्या वाड्यातला 'लबानोनचे वनगृह' म्हणून ओळखला जाणारा एकच भाग १०० हात लांब आणि ५० हात रुंद होता. कोणी म्हणेल, वाड्यात दरबार होता, शस्त्रागार होतं, राज्यकारभाराला जागा लागतेच. लागते. तरीही लिहिणाऱ्यानं मापं शेजारी-शेजारी ठेवली, आणि मध्येच, मंदिराच्या भिंतीच्या वर्णनात, देवाचं एक बोलणं घुसवलं: तू हे घर बांधतो आहेस खरं, पण माझ्या आज्ञांप्रमाणे चाललास तर मी तुमच्यात राहीन. बांधकामाच्या तपशिलाला अक्षरशः छेद देऊन हा मजकूर येतो. इथे घराबद्दल देव एवढंच बोलतो. लाकडाचं कौतुक तो करत नाही.

सात-तेराचा हिशेब धर्मगुरूंना लावायला आपल्याला आवडतं. चर्च जुनंच आणि हॉल वातानुकूलित, प्रार्थनेला गळकं छप्पर आणि लग्नाच्या भाड्यासाठी नवं, अशी कुजबुज प्रत्येक पॅरिशमध्ये चालते आणि ती अगदीच निराधार नसते. पण शलमोन धर्मगुरू नव्हता. संसारी, श्रीमंत, हुशार माणूस होता. त्याची खरी जात आपल्यासारख्या फ्लॅटधारकांची. पुनर्विकासाच्या वाटाघाटीत आपण किती वर्षं घालवतो? बिल्डर किती टक्के जास्त कार्पेट एरिया देतो, कॉर्पस फंड किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन, या बैठका रात्री अकरापर्यंत चालतात आणि त्यांना गैरहजर राहायची कोणाची हिंमत नसते. त्याच इमारतीतलं आपलं प्रार्थनामंडळ गणसंख्येअभावी बंद पडलेलं असतं. तेरा वर्षं आपल्यालाही लागतात, फक्त आपण ती गृहकर्जाच्या हप्त्यांत मोजतो.

पैसा कमी पडला की शलमोनानं काय केलं, तेही वहीत आहे. सोरचा राजा हिराम यानं त्याला लाकूड आणि सोनं पुरवलं. वीस वर्षांनी दोन्ही घरं पुरी झाली तेव्हा शलमोनानं त्याला गालीलातली वीस गावं देऊन टाकली. हिराम गावं बघायला आला, त्याला ती पसंत पडली नाहीत, आणि तसं तो बोललाही. सावकार नाखूश झाला याची नोंद आहे. गावात राहणाऱ्यांना काय वाटलं, त्यांना कोणी विचारलं का, याची नाही. हाच गालील पुढे येशूचा मुलूख. नासरेथचा सुतार ज्या पंचक्रोशीत वाढला तिथली माणसं एकदा यरुशलेमच्या सोन्यापायी दुसऱ्या राजाकडे वळती केली गेली होती. या भागाला राजधानीचं फारसं प्रेम का नव्हतं, याचं थोडं उत्तर इथे सापडेल. आणि कोंडिविटे, मरोळ, सहार इथल्या जुन्या ईस्ट इंडियन घरांतल्या म्हाताऱ्यांना ही वीस गावांची गोष्ट कोणी नीट समजावून सांगायची गरज नाही. भातशेतं विमानतळात गेली, औद्योगिक वसाहतीत गेली, रस्त्यात गेली. कागद दुसरीकडेच झाले. ऑक्टोबरात आगेऱ्याचा सण येतो तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी वेदीवर नेतात. त्या बऱ्याचदा विकत किंवा लांबच्या गावाहून आणलेल्या असतात.

जमिनीचं बोलायचं तर शलमोनाच्या बापाचं एक उदाहरण मला मंदिरापेक्षा मोठं वाटतं. मंदिराची जागा मुळात यबूसी अरौनाचं खळं होतं. अरौना परका, जिंकल्या गेलेल्या जमातीतला. दावीद राजा त्याच्याकडे वेदी बांधायला जागा मागायला गेला तेव्हा अरौना म्हणाला, फुकट घ्या, बैलही घ्या, लाकडंही घ्या. दावीद म्हणाला, नाही. ज्याला मला काही खर्चावं लागलं नाही ते मी देवाला वाहणार नाही. त्यानं ५० शेकेल चांदी मोजली आणि खळं विकत घेतलं. राजा होता, जिंकलेला होता, समोरचा देत होता. तरी पैसे मोजले. यरुशलेमच्या मंदिराच्या पायाखाली अशी एक खरेदी आहे.

बोरिवलीच्या माउंट पॉयसरच्या उतारावर अशी खरेदी नाही. तिथली मंडपेश्वरची शैव गुंफा साधारण सहाव्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान कोरलेली, आत नटराज आहे, गर्भगृह आहे. १५३४ साली वसईच्या तहानं साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो यानं या गुंफेचं चर्च केलं आणि वरच्या टेकाडावर इमारत उभी राहिली. आज वर पडक्या भिंती आहेत आणि खाली गुंफेत एका मूळ शिल्पाच्या जागी कोरलेला भलामोठा क्रूस आहे. १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतल्यावर पुन्हा पूजा सुरू झाली. नंतरही जागा हातोहात फिरली आणि आता ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. शिवरात्रीला तिथे गर्दी होते, आणि हाकेच्या अंतरावर आपलं चर्च आहे.

त्या क्रूसाकडे बघताना काही ख्रिस्ती लोक नजर चुकवतात, काही जण त्या काळी सगळेच असं करत होते म्हणून मोकळे होतात. सगळेच करत होते हे खरं. पण दावीद त्याहून दोन हजारांवर वर्षं आधीचा होता आणि त्याला फुकट जागा नको होती, हेही खरं. आणि तो आपल्याच बायबलमधला आहे. पोर्तुगिजांच्या काळात ज्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले त्या लोकांनी आज कोणासमोर नाक घासावं असं मी म्हणत नाही. ते पूर्वज या मातीतलेच होते, त्यांना गुंफेचे मालक कोणी केलं नव्हतं, आणि पाचशे वर्षांच्या हिशेबाचे दावे आज कोणी कोणावर लावू लागला तर देशात एकही भिंत जागेवर राहणार नाही. पण आपल्या तरुणांच्या बायबलवर्गाची एक सहल मंडपेश्वरला जावी, अरौनाच्या खळ्याची गोष्ट तिथे उभ्याउभ्या वाचली जावी, आणि ती वाचून झाल्यावर कोणी लगेच सारवासारव करू नये. आपली जमीन गेली त्याचं दुःख आपण बोलतो. आपल्या नावानं घेतली गेली तिच्याबद्दलही बोलता आलं पाहिजे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग काय, पत्र्याच्या शेडमध्ये मिस्सा करायची? मला ती भूमिका पटत नाही. देवघर ओकंबोकं ठेवून गरिबांचं भलं होतं असा एक कोरडा विचार आपल्याकडे अधूनमधून येतो. तो बहुधा अशा लोकांकडून येतो ज्यांच्या स्वतःच्या घरात चांगल्या वस्तू असतात. वनबीएचकेत सहा माणसांत राहणाऱ्या बाईला आठवड्यातून तासभर उंच छत, रंगीत काच आणि मोकळी हवा मिळते ती चर्चमध्येच. ती चैन तिच्याकडून काढून घेणं म्हणजे धर्म नव्हे. येशूच्या डोक्यावर महागडं सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीवर शिष्य चिडले, तीनशे दिनार गरिबांना देता आले असते म्हणाले. येशूनं बाजू तिची घेतली. पण ते तेल तिचं स्वतःचं होतं. ते दुसऱ्याच्या मजुरीतून कापलेलं नव्हतं. मार्काच्या शुभवर्तमानात, मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेनंतर लगेच एक शिष्य हेरोदाच्या मंदिराचे प्रचंड दगड दाखवतो, आणि येशू म्हणतो की यातला दगडावर दगड राहणार नाही. विधवेच्या आधी काय आहे? विधवांची घरं गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांबद्दलचा इशारा. घर गिळणारे, दमडी देणारी, दगड कौतुकानं पाहणारा, असा तो क्रम आहे. उपासनेच्या वेळी दानपेटी फिरते तेव्हा आपण मधला तुकडा वाचतो.

शलमोनाच्या बाजूनं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं त्याच्या सोन्यात नसून त्याच्या प्रार्थनेत आहे. मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी तो हात पसरून म्हणतो की आकाश आणि आकाशापलीकडचं आकाशही देवाला पुरत नाही, मग मी बांधलेलं हे घर कुठलं पुरणार. वीस वर्षांचं बांधकाम हाती घेतलेल्या माणसानं उद्घाटनाच्या भाषणात हे बोलावं, याला धैर्य लागतं. आपल्याकडे उद्घाटनाला नेत्यांचे आभार मानण्यातच तास जातो. त्याच प्रार्थनेत पुढे तो परक्यासाठी जागा करतो: तुझ्या प्रजेतला नसलेला कोणी लांबून येऊन या घराकडे तोंड करून काही मागेल तर तेही ऐक. यात अट नाही. त्यानं आधी धर्म बदलावा असं म्हटलेलं नाही. माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला आणि सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला जी रांग लागते तिच्यात हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात. मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. त्या रांगेकडे पाहून नाक मुरडणारे काही कडवे ख्रिस्ती मला ठाऊक आहेत. त्यांनी शलमोनाची ही प्रार्थना एकदा सावकाश वाचावी. त्याच्या बांधकामातली ही एकच खोली अजून वापरात आहे.

बाकी सगळं गेलं. शलमोन गेल्यावर पाचव्याच वर्षी मिसरचा राजा शिशक चालून आला आणि मंदिराचा व राजवाड्याचा खजिना घेऊन गेला, त्यात शलमोनाच्या सोन्याच्या ढालीही गेल्या. रहबामानं काय केलं? पितळेच्या ढाली करवल्या. राजा मंदिरात जायला निघाला की पहारेकरी त्या उचलून मिरवणुकीत चालत आणि नंतर चौकीत ठेवून देत. सोनं गेलं तरी मिरवणूक थांबली नाही. बायबलमधला विनोद अनेकांना दिसत नाही. मला हा उतारा वाचताना दरवेळी हसू येतं, आणि आपल्या काही सणांच्या आखीवरेखीव कार्यक्रमपत्रिका आठवतात. इसवी सनापूर्वी ५८६ साली बाबेलच्या सैन्यानं मंदिर जाळलं. त्याचा एक दगडही आज पुराव्यानिशी दाखवता येत नाही. हाजोर, मगिद्दो, गेजेर इथल्या वेशी शलमोनाच्या की नंतरच्या कोणाच्या, यावर पुरातत्त्वज्ञ अजून भांडतात. वही मात्र टिकली, आणि ती सांभाळली हरलेल्या, हद्दपार झालेल्या लोकांनी. मंदिर नसलेल्या बाबेलात ते पुस्तक वाचायला शिकले म्हणून त्यांचा धर्म जगला.

अंधेरीत सीप्झच्या आवारात एक पडकं चर्च आहे. जेझुइटांनी ते १५७९ साली बांधलं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावानं. १८४० च्या सुमाराला साथ आली, गाव उठलं, आणि लोक मरोळला जाऊन तिथे नवं चर्च करून राहिले. १९७३ मध्ये भोवती निर्यात-क्षेत्र आलं. आज दर्शनी भिंत उभी आहे, छप्पर नाही, भिंतींतून झाडं उगवली आहेत. वर्षातून एकदा परवानगी घेऊन तिथे मिस्सा होते. इमारतीची डागडुजी व्हावी, वारसा म्हणून ती जपावी, या मागणीत मीही आहे. पण मरोळला गेलेल्या त्या लोकांकडे पाहिलं की वाटतं, त्यांना एक गोष्ट शलमोनापेक्षा चांगली कळली होती. साथीत त्यांनी आधी माणसं हलवली. पुढे १८९६ च्या प्लेगात गावठाणांच्या तोंडाशी जे क्रूस उभे राहिले तेही तसेच: वीतभर चौथरा, पांढरा चुना, खाली साल. त्यासाठी कोणाला वेठीला धरलं नव्हतं, कोणाचं खळं घेतलं नव्हतं. आजही संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावणारं कोणीतरी असतं. रस्तारुंदीत हे क्रूस सगळ्यात आधी आड येतात, आणि त्यांच्यासाठी भांडायला मोठ्या चर्चची समिती क्वचित उतरते.

बांधकाम कसं करावं याचा मराठी ख्रिस्ती नमुना शोधायचा तर मी केडगावला जाईन. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत चौपाटीवर शारदा सदन काढलं ते विधवांसाठी. पुढे दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या तेव्हा केडगावच्या माळावर त्यांच्या 'मुक्ती' या संस्थेची घरं वाढत गेली. तिथे आधी माणसं आली आणि मग भिंती. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी जुळवलं आणि छापलं. ज्या बायकांना समाजानं ओझं मानलं त्यांच्या हातून. शलमोनाच्या वहीत मजूर खर्चाच्या बाजूला होते. रमाबाईंच्या वहीत ते जमेच्या बाजूला आले.

पॅरिशच्या बांधकाम समितीनं यातून काय करावं, हा प्रश्न अगदी व्यावहारिक आहे, आणि त्याचं उत्तर स्टेशनबाहेर मिळतं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठेही सकाळी मजूर नाक्यावर जा. जालना, नांदेड, वाशिमकडची माणसं डबा घेऊन उभी असतात. मुकादम येतो, चार जणांना उचलतो, बाकीचे दहापर्यंत वाट पाहून परततात. यांच्यासाठी १९९६ साली केंद्रानं कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसतो आणि तो मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जातो. त्यातून आजारपण, बाळंतपण, मुलांचं शिक्षण, अपघात यांसाठी मदत मिळू शकते. पण त्यासाठी मजुराची नोंदणी लागते, आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाला असा दाखला द्यायला ठेकेदार तयार नसतो, कारण सही केली की जबाबदारी येते.

चर्चचं काम निघतं तेव्हा ठेकेदाराशी करार समितीच करते. त्या करारात दोन ओळी घालता येतात: उपकर भरल्याची पावती पहिल्या बिलाबरोबर द्यायची, आणि कामावरच्या प्रत्येक माणसाचं नाव व दिवस हजेरीपटावर लिहून काम संपताना त्याच्या हाती दाखला द्यायचा. याला सोन्याच्या एका पत्र्याइतकाही खर्च येत नाही. पहिल्या मिस्सेच्या दिवशी देणगीदारांची नावं वाचली जातात, तेव्हा तो हजेरीपटही वाचता येईल. वाचायला पाच-सात मिनिटं लागतील. काही नावं उच्चारायला अवघड जातील. ती आधी विचारून घ्यावीत.